अठ्ठाविसावा धागा

हारूनची खबर आली नाही तर कासमचा फायदा होता, आणि तो नेमका किती, हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. कासमला ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्वतःच्या फायद्याकडे तो दुसऱ्याच्या खिडकीत बघावं तसा, जाता जाता, तिरपा बघायचा.

पहिला फायदा जेवणाच्या ताटातला. तीन वर्षांपूर्वी कासमच्या बायकोने आपल्या भावाच्या मुलासाठी हारूनची नसीबा मागितली होती. बायकोचं माहेर खारबावचं, म्हणून घरात तिला सगळे खारबाववालीच म्हणत. हारूनने कुवेतहून कळवलं, 'पोरगी बी.एस्सी. होऊ दे, मग बघू.' त्या 'मग बघू'चा अर्थ खारबावात बरोबर कळला. तेव्हापासून खारबाववाली नवऱ्याला भात वाढायची, पण 'अजून देऊ?' असं काही विचारायची नाही. तीन वर्षं न विचारता वाढलेला भात खाऊन कासमचं पोट भरत होतं, मन भरत नव्हतं; पोरगी खारबावात दिली की ते 'अजून देऊ?' परत येणार होतं.

दुसरा फायदा थोरलेपणाचा. बाप नूर मोहम्मद वारल्यापासून घरातला कर्ता पुरुष कासम, पण कर्तेपण वापरायला त्याला कधी मिळालंच नव्हतं. धाकटा हारून अकरा वर्षं कुवेतात राहून पत्रांनी घर चालवत होता. प्रत्येक पत्रात दोन पानं काय करायचं ते, आणि शेवटी एक ओळ, 'भाईंना विचारून करा.' आता मात्र बाप बेपत्ता म्हटल्यावर पोरीचा वली, निकाहात तिच्या वतीने बोलणारा, कोण? मोठा चाचा. काझींनीच तसं सांगितलं होतं.

कुवेतवर इराकची फौज चालून गेली त्याला आज बेचाळीस दिवस झाले होते. फोन मेलेले, पत्र नाही. हारूनची बायको खदीजा रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची आणि तो निघून गेल्यावर दारातच काहीतरी झाडायची, म्हणजे झाडायलाच उभी होती असं दिसावं.

गेल्या आठवड्यात अकलोलीचा एकजण कुवेतहून सुटून घरी पोचला. खदीजा आणि हबीबा त्याला भेटून आल्या. हबीबा ही कासमची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आलेली, आणि आल्या दिवसापासून माहेरावर नजर ठेवणारी. त्या माणसाने हारूनला पाहिलं नव्हतं, पण एक चिठ्ठी लिहून दिली. जॉर्डनच्या वाळवंटातल्या छावण्यांत हजारो लोक पडलेत. त्यांची नावं आणि प्रत्येकाचा एक वाक्याचा निरोप एका परदेशी स्टेशनवरून वाचतात. संध्याकाळी सव्वासहा. एक यादी सोमवार ते गुरुवार रोज तीच, मग नवी यादी. अकलोलीवाला म्हणाला, हारून तोवर सरहद्द ओलांडून आला असेल तर तो याच यादीत असणार.

रविवारी घरात बैठक बसली. शुक्रवारी निकाह उरकून टाकू, असा खारबावचा निरोप होता; पोरीच्या डोक्यावर बापाचं छत्र नाही, आता कुणाची वाट बघायची? सगळ्यांनी नसीबाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांची पोरगी, रडेल असं वाटलं. ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत अब्बांची खबर आली तर निकाह थांबवायचा. न्हाय आली, तर शुक्रवारी मी कबूल बोलीन. कुनीच मला दोनदा विचारायचं न्हाय."

कासमने लगेच होकार दिला. जरा जास्तच लगेच दिला, असं हबीबाच्या भुवईने त्याच वेळी नोंदवलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन संध्याकाळी नूर मोहम्मदचा मोठा रेडिओ माडीवरच्या खोलीत लागला. नूर मोहम्मद उभी हयात जहाजांवर होता. निवृत्त होताना तो आगबोटीवरून हा लाकडी पेटीसारखा रेडिओ खांद्यावर घेऊन आला होता. रेडिओला हात लावायचा मान थोरल्याचा. कासम चिठ्ठी खिशातून काढी, वाची, परत खिशात ठेवी, आणि काटा फिरवी. आतल्या खोलीत बायका श्वास रोखून बसत. तिन्ही दिवस निघाला तो फक्त खरखराट, आणि एकदा कुणाचंतरी लांबवरचं शेतीविषयक भाषण.

गुरुवारी दुपारी जेवणं आटपल्यावर नसीबाने हात पुढे केला. "बडे अब्बा, चिठ्ठी बघू."

"काय बघायचंय तिच्यात?"

"बघू तर."

तिने चिठ्ठी वाचली. मग ती रेडिओजवळ गेली आणि काचेवरची कासमची पेन्सिलची खूण बघितली. मग पुन्हा चिठ्ठी.

"इथं पंधरा हजार चारशे पन्नास लिहिलंय. तुम्ही काटा पंधराशे पंचेचाळिसावर लावलाय. मीडियम वेव्हवर."

"मग? शेवटचं शून्य जास्तीचं हाय. सोळाशेच्या पुढं काचेवर जागाच कुठाय?" कासम शांतपणे म्हणाला. "आणि ह्या काचेवर सोळाशेला नुसतं एकशे साठ छापलंय, ते बघ. रेडिओवाले पण शून्य सोडतात. बाजारात आम्ही पण सोडतो. चोवीसशे उभ्या धाग्यांच्या तान्याला कोन चोवीसशे बोलतो? चोवीस बोलतात."

"हे शून्य सोडायचं नव्हतं," नसीबा म्हणाली. "हे शॉर्टवेव्हचं स्टेशन हाय. तुम्ही शून्य खाल्लंत."

खाली तळमजल्यावर कासमचे बारा लूम, कापड विणायचे विजेचे माग, चालू होते. त्यांच्या धडधडीने पाटावरच्या पेल्यातलं पाणी नेहमीसारखं थरथरत होतं.

हबीबा सावकाश उठली. "खाल्लं न्हाय गं, गिळलं. समजून गिळलं. तीन दिवस आम्हाला हवा ऐकवली याने. हारून न्हाय सापडला तर कुनाच्या घरी साखर वाटनार, मला म्हाईत न्हाय काय? तिकडं खारबावात मांडव घातलाय, बायको चार दिवस आधी जाऊन बसली."

"आपा, तोंड सांभाळ."

"माझं तोंड सांभाळून काय होनार? तू पोरीला विकलीस."

कासमने हेही ऐकून घेतलं. बेइमान म्हणवून घेणं माणसाला जमतं; मनात म्हणता येतं, अल्ला बघतोय. पण तेवढ्यात दारात बसलेली खदीजा, जी कधी त्याच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती, त्याची बाजू घ्यायला गेली.

"आपा, भाईंना असं बोलू नका. मुद्दाम न्हाय केलं त्यांनी. त्यांना जमलं न्हाय, बस. त्यांचा हिसाब चुकला."

हे कासमच्या वर्मी लागलं. वीस वर्षं तो कापड नुसतं चिमटीत धरून इंचात धागे किती ते सांगत आला होता. व्यापारी नंतर भिंग लावून मोजायचे आणि तोंडात बोट घालायचे. हिसाब चुकला? कासमचा?

कासमची एक खोड इथे सांगायला हवी. फायदा सोडावा लागला तर तो कुरकुरत सोडायचा; पण माप चुकीचं आहे असं कुणी म्हटलं तर त्याला घास गिळवत नसे. त्याने बूड टेकलं, चष्मा लावला आणि नसीबाला म्हणाला, "बैस इथं. समजाव मला. काचेवर तर मीटर लिहिलेत. सोळा, एकोनीस, पंचवीस, एकतीस. चिठ्ठीत मीटर कुठाय?"

नसीबा बसली. "मीटर म्हंजे लाटेची लांबी. चिठ्ठीत आहेत किलोहर्ट्झ, म्हंजे एका सेकंदाला लाटा किती, ते. एकच गोष्ट, दोन मापं."

"दोन मापं कशाला?"

ती अडली. मग खालच्या धडधडीकडे कान देऊन म्हणाली, "आपल्या लूमचंच घ्या. आडवं सूत घेऊन धोटा मिनिटाला किती वेळा जातो?"

"दीडशे."

"आणि इंचात आडवे धागे किती बसतात, ते तुम्ही वेगळं मोजता ना? एक माप वेळेचं, एक जागेचं."

कासमने हवेतच बोटाने धोटा मारून बघितला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे धोटा जास्त वेळा मारला, तर धागे दाट पडनार. जर कापड तेवढ्याच वेगाने गुंडाळलं जात असेल तर."

"तेच! आणि हे कापड सगळ्या स्टेशनांचं एकाच वेगाने गुंडाळलं जातं. दिल्लीचं, लंडनचं, कुनाचं पन. एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर."

"किती?"

"तीन लाख किलोमीटर."

कासमने चष्मा काढला. भिवंडीतले सगळे लूम, गावाबाहेरचे धरून, वर्षभर जे कापड काढतात ते एकापुढे एक अंथरलं तर कुठवर जाईल, असा एक अंदाज त्याने मनात बांधायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. आयुष्यात हिशेब अर्धा सोडण्याची त्याची ही पहिली वेळ.

"आणि धोटा? चिठ्ठीतला?"

"पंधरा हजार चारशे पन्नास किलो. म्हंजे वर आणखी तीन शून्यं. सेकंदाला एक कोटी चोपन्न लाख पन्नास हजार वेळा."

कासमचे ओठ हलायला लागले. "आपला एक लूम... रात्रंदिवस... न थांबता चालवला, तर एवढे धागे मारायला एकाहत्तर दिवस लागतील." तो उठला आणि पुन्हा बसला. "एकाहत्तर दिवस! आणि तिकडे ते एका सेकंदात होतं? सूत तुटत न्हाय?"

"सूतच न्हाय ना."

"मग काय हाय?"

"काहीच न्हाय. म्हंजे... हाय. पन हातात न्हाय येत."

"आत्ता कुठं हाय ते?"

"इथंच. खोलीत. भिंतीतून येतं, आपल्यातून आरपार जातं. आता बोलतोय तेव्हा पन चाललंय."

खदीजाने नकळत ओढणी छातीशी घट्ट केली. हबीबासुद्धा, जी कशालाच दबत नसे, भिंतीपासून जरा सरकून बसली.

"तीन लाख भागिले पंधरा हजार चारशे पन्नास," कासम म्हणाला, आणि कागद न घेता उत्तर दिलं, "एकोनीस मीटर आणि वर चार-दशांश. काचेवरच्या एकोनीसच्या पुढं, पंचवीसच्या बाजूला, एवढंसं."

काचेवर एकोणीसचा आकडा मसुराच्या डाळीएवढा होता. त्याच्या आजूबाजूच्या नखभर जागेत डझनभर स्टेशनं कोंबलेली. नसीबाने काटा हलवून दाखवला: केसभर सरकला की एक भाषा जाऊन दुसरी. मध्येच शिट्टी, मध्येच कुराणासारखं काही, मध्येच कुणी बाई इंग्रजीत. एवढ्याशा जागेत एवढी माणसं बोलतात आणि एकमेकांना धक्का लागत नाही, हे कासमने आजवर ऐकलं होतं खूप, पण पाहिलं आज.

"केसभर मोजायचं कशाने?" नसीबा म्हणाली. "आपल्याकडं माप न्हाय."

"कापडवाल्याच्या घरात माप न्हाय?" कासम म्हणाला.

त्याने खालून साठच्या कापडाची बोटभर पट्टी फाडून आणली. साठ म्हणजे इंचात साठ धागे. सुताला लावतात ती खळ बोटावर घेऊन त्याने ती पट्टी काटा फिरवायच्या मोठ्या बटणाच्या कडेवर गोल चिकटवली, आणि बटणाशेजारी लाकडावर एक बारीक टाचणी ठोकली. बटण फिरलं की धागे टाचणीखालून सरकणार. वर त्याने धागे मोजायची आपली भिंगाची काच धरली. इंचाचा साठावा भाग! जहाजावरच्या रेडिओवाल्याकडेही असं माप नसेल, असं नूर मोहम्मदच्या या मुलाला वाटून गेलं.

"आता अशी दोन स्टेशनं शोध, जी स्वतःचा आकडा स्वतः सांगतात."

दुपारचा सगळा वेळ त्यात गेला. चारला एक स्टेशन सुरू झालं. हिंदी बोलणारा रशियन ढंगाचा माणूस सुरुवातीलाच म्हणाला, पंधरा हजार तीनशे दहा. कासमने टाचणीखालच्या धाग्यावर शाईचा ठिपका दिला. साडेचारला इंग्रजी बाईने सांगितलं, पंधरा हजार पाचशे पंच्याहत्तर. दुसरा ठिपका. मग काका-पुतणी भिंगावर डोकं टेकवून मोजायला लागली. नसीबाचे चोपन्न भरले, कासमचे त्रेपन्न. पुन्हा मोजले. त्रेपन्न.

"दोघांमधलं अंतर दोनशे पासष्ट," नसीबा म्हणाली. "भागिले त्रेपन्न..."

"पाच. एका धाग्याला पाच. पुरे पाच!" कासमचा आवाज बदलला होता. निकाह, खारबाव, ताटातला भात, सगळं त्या वेळी त्याच्या डोक्यातून उतरलं होतं. "आपल्याला तीनशे दहाच्या पुढं एकशेचाळीस जायचंय. म्हंजे अठ्ठावीस धागे."

त्याने मोजून अठ्ठाविसाव्या धाग्यावर तांबडा ठिपका दिला. तिथे आता नुसता खरखराट होता. स्टेशन सव्वासहाला लागायचं होतं. पण खरखराटात एक ठेका होता, आणि तो कासमने लगेच ओळखला.

"हे लूमच्या मोटारी," तो म्हणाला. "आपले बारा बंद करीन. पन मागचे चोवीस केसरीनाथचे."

केसरीनाथ पाटील मूळचा कोन गावचा. रस्त्याला जमीन गेली तेव्हा त्याने कारखाना घातला. त्याची मागची भिंत आणि कासमची मागची भिंत एकच. सहाला दहा कमी असताना कासम त्याच्या दारात गेला.

"या कासमशेठ. बसा. चेहरा का उतरलाय?"

"दादा, सव्वासहा ते साडेसहा तुमचे लूम बंद पाहिजेत."

केसरीनाथ हसला. "माझे लूम बंद व्हायला दोनच कारनं. लाईट जाते, न्हाय तर मानूस जातो. तुमचं कंचं?"

"मानूस गेला का हाय, तेच ऐकायचंय. रेडिओवर हारूनचं नाव यायचंय. मोटारी चालू असल्या तर ऐकू येत न्हाय."

केसरीनाथचं हसू गेलं. पण तोही धंदेवाला. "मी बंद करीन, माझं काय? पन कारीगर पीसवर हायत. जेवढं कापड तेवढी मजुरी. त्यांची पंधरा मिन्टं मी कशी देऊ? तुम्हीच इचारा."

कासमने कारखान्यात जाऊन विचारलं. चोवीस लूमच्या गडगडाटात ओरडून विचारावं लागलं. एक म्हातारा आझमगढवाला पुढे आला, कानावर हात धरून ऐकलं आणि म्हणाला, "सेठ, हमारे गाँव के भी उधर हैं. नाम हम लोग को भी सुनाई पड़ेगा न?"

"खिडकी उघडी ठेवतो," कासम म्हणाला.

सव्वासहाला छत्तीस लूम एकदम थांबले.

त्या गल्लीत जन्मलेल्या पोरांनी असलं काही कधी ऐकलं नव्हतं. आधी लोक घाबरून बाहेर आले. गडबड झाली का, कर्फ्यू लागला का? मग शांतता पसरली तशी एकेक गोष्ट तिच्यातून वर आली. नळाचं ठिबकणं. मांजराचं खाली उडी मारणं. लांब खाडीच्या बाजूला बगळे ओरडत होते. या गल्लीला खाडी ऐकू येते हे कुणाला माहीत नव्हतं. पाटावरच्या पेल्यातलं पाणी काचेसारखं निश्चल झालं आणि खदीजा त्याच्याकडेच बघत राहिली.

कासमने बटणाला हात लावला. अठ्ठावीस. तांबडा ठिपका टाचणीखाली.

काहीच नाही.

"आपा, काय बोलू नको," तो आधीच म्हणाला. हबीबा काही बोलली नव्हती.

"रेडिओ गरम झाला की स्टेशनची जागा थोडी सरकते," नसीबा कुजबुजली. "सरांनी सांगितलं होतं."

कासमने डोळे मिटले. ताणा किती घट्ट आहे हे तो ज्या बोटांनी बघायचा त्याच बोटांनी त्याने बटण अर्धा धागा मागे आणलं. मग आणखी अर्धा. खरखराटाच्या तळातून, विहिरीत पडलेल्या भांड्यातून यावा तसा एक माणसाचा आवाज वर आला.

"...वल्द अब्दुल लतीफ़, ज़िला बस्ती. तबीयत ठीक है, काग़ज़ात गुम हैं. ...राम अवध, आज़मगढ़. माँ से कहना रोए नहीं..."

खिडकीखालून कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज केला. आवाज वाहत राहिला. केरळ, हैदराबाद, राजस्थान. एकेक माणूस, एकेक वाक्य. वाळवंटात कुठेतरी रांगेत उभं राहून प्रत्येकाने आपलं एकच वाक्य ठरवलं असेल, आणि ते आता कोटी-कोटी फेऱ्या मारत भिंतींतून, झोपडपट्टीच्या पत्र्यांतून, मशिदीच्या मिनारांवरून आणि गावदेवीच्या कळसावरून येत होतं, आणि ज्याचं होतं त्याला सापडण्यासाठी सगळ्यांमधून आरपार जात होतं. आवाज निसटू नये म्हणून कासम बटण धरून बसला होता.

साडेसहा वाजले. यादी संपली नव्हती. नसीबाने भिंतीकडे पाहिलं. आता मागचे लूम सुरू होणार.

झाले नाहीत. खिडकीतून खाली केसरीनाथ दिसला. तो खालच्या गल्लीत खुर्ची टाकून तिच्यावर उभा होता. त्याने हाताने खूण केली, चालू द्या. त्याच्यामागे कारीगर ओळीने उभे होते, हाताला सुताचे तुकडे चिकटलेले.

सहा पस्तीस.

"हारून वल्द नूर मोहम्मद, भिवंडी, ज़िला ठाणे..."

खदीजाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"...ख़ैरियत से हूँ, घर के सब फ़ैसले कासम भाई के हवाले, नसीबा उनकी सुने."

आणि पुढचं नाव. पुढचा जिल्हा. आवाजाला थांबायला वेळ नव्हता.

सगळ्यांत आधी हबीबा रडली, आणि मग रडताना दिसल्याचा राग आला म्हणून आणखी रडली. खदीजा जमिनीवर डोकं टेकून राहिली. नसीबा बापाच्या आवाजाची नव्हे, नावाची ऊब चेहऱ्यावर घेऊन उभी होती. आणि त्याच चेहऱ्यावर निरोपाचा उरलेला भाग हळूहळू उतरत होता. अब्बा जिवंत होते. आणि अब्बांनी तिला सोपवून दिलं होतं.

"सुनलं?" खिडकीखालून केसरीनाथ ओरडला. "कासमशेठ, भावाने तुमच्यावर सोपवलं सगळं! सगळ्या गल्लीने ऐकलं!"

कासमने रेडिओ बंद केला नाही. बटणावरून हातही काढला नाही.

त्याला जे हवं होतं ते आलं होतं, आणि तेही असं की कुणी त्यात खोट काढू शकणार नव्हतं. बापाची परवानगी, आकाशातून, साक्षीला पन्नास माणसं. तो निकाह उद्या लावून मोकळा होऊ शकत होता. हबीबाही तोंड उघडू शकली नसती. बेपत्ता माणसाच्या हातून हक्क काढून घेण्याची त्याने मनातून तयारी केली होती. पण अकरा वर्षं मूठ घट्ट मिटून बसलेल्या माणसाने, सगळं गमावल्यावर, उघड्या मैदानात, वाट्याला आलेल्या एकाच वाक्यात ती मूठ उघडली होती. 'पैसे गेले' असं तो सांगू शकला असता. 'मला घेऊन जा' असं सांगू शकला असता. त्याने ते वाक्य भावावर खर्च केलं.

"बडे अब्बा," नसीबा म्हणाली. आवाज सरळ होता. "खबर आली. पन अब्बांनी तुमची ऐकायला सांगितलंय. तुम्ही बोला, मी ऐकते."

"काय बोलू?" कासम म्हणाला. मग चिडल्यासारखा, "चोपन्न मोजलेस तू. दुपारी. त्रेपन्न होते."

"हो."

"कॉलेजात भिंग देत न्हायत काय?"

"देतात."

"मग नीट मोजायला शीक. अजून दीड वरीस हाय ना? उद्या निकाह न्हाय. तुझा बाप येईल, त्याच्यासमोर बसून विचारू, आणि तुला पन विचारू. दोनदा विचारू."

हबीबा डोळे पुसता पुसता थांबली. "आणि खारबाववालीला कोन सांगनार?"

"मी."

"जिता परत येशील?"

"एकच वाक्य बोलीन आणि पळीन," कासम म्हणाला, आणि त्या घरात बेचाळीस दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

यादी सहा सदतीसला संपली. लूम पुन्हा सुरू झाले, आणि खाडी पुन्हा ऐकू येईनाशी झाली.

आता त्या संध्याकाळची किंमत कुणी भरली, ते सांगून टाकायला हवं, कारण पुढे घरात यावर बरंच खोटं बोललं गेलं. बावीस मिनिटं छत्तीस लूम बंद होते. एक लाख अठरा हजार आठशे धागे त्या संध्याकाळी भिवंडीत विणले गेले नाहीत. आपल्या बारा लूमचे कासमने सोसले. केसरीनाथच्या चोवीस लूमची भरपाई कासम देऊ करत होता, केसरीनाथ घेत नव्हता, आणि दोघं एकमेकांना मोठेपणा दाखवत असताना कारीगर कामाला लागले होते; पीसची मजुरी त्यांचीच बुडाली, आणि त्यांच्यापैकी एकानेही ती मागितली नाही. आझमगढच्या म्हाताऱ्याला त्याच्या गावच्या तिघांपैकी एकाचंच नाव मिळालं. हारून महिनाभराने विमानाने आला तेव्हा अकरा वर्षांच्या कमाईपैकी त्याच्याकडे अंगावरचा सदरा होता, तोही दुसऱ्याचा. आणि कासम शुक्रवारी सकाळी धुतलेले कपडे घालून खारबावला गेला. सासऱ्याच्या अंगणात मांडव उभा होता, जेवणाच्या मोठ्या देगी मांडल्या होत्या. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. शिव्या मेहुण्याने दिल्या, मांडव सोडायला हात मात्र कासमला लावावा लागला. खारबाववाली त्याच्याबरोबर परत आली, पण दुपारी ताटात एकदा भात वाढून उठून गेली. कासमने तेवढाच खाल्ला. पुढची सात वर्षं तेवढाच खाल्ला.